अडुसष्ट सालचा मोरपंखी

१२ मार्च २०१९, मंगळवार

या वहीच्या पुढच्या बाजूनं रंगांची मापं आहेत, चाळीस वर्षांची. मागची पानं कोरीच होती. मेव्हिस म्हणाली, "दिवसभर पुटपुटत असतोस ना, ते कागदावर पुटपुट. माझे कान तरी सुटतील." बायकोचे कान सुटावेत म्हणून आजपासून मागून लिहायला घेतोय.

पुटपुटायला कारण आहे. टोलेडोच्या एका गिऱ्हाइकानं त्याच्या जुन्या गाडीच्या दारांची, मी रंगवून दिलेली दोन्ही पॅनेलं परत पाठवली. सोबत चिठ्ठी: "फार निळी आहेत." चिठ्ठीबरोबर फोनवर काढलेला फोटो. फोनमध्ये काय, माझं नाकसुद्धा निळं दिसतं. सत्तर सालच्या गाड्यांच्या आतल्या निळ्या रंगात राखाडीची झाक किती होती हे मला शिकवणार हा? हा तेव्हा पाळण्यात होता. मी तेव्हा इथे लिंकन पार्क गावात मामाच्या दुकानात सीटांना रेक्झिन चढवत होतो, आणि आजही त्याच दुकानात तेच करतोय.

तरी पॅनेलं पुन्हा मांडून पाहिली. ठीकच आहेत. दुकानातल्या ट्यूब मात्र अगदीच पिवळट झाल्यात. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा बदलाव्या लागणार. हल्ली कुठलीच वस्तू धड बनवत नाहीत.

२३ मार्च, शनिवार

आज ग्लेन बुश्कोबरोबर रिव्हर रूजला जाऊन आलो. गाडी त्यानंच चालवली. मला हल्ली समोरच्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो, भरदिवसासुद्धा लावून फिरतात मेले. ग्लेन आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. जुलैच्या मेळ्यात यंदा 'हात न लावलेल्या' गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवलाय: जशी कारखान्यातून आली तशीच हवी, एक टाकासुद्धा नवा नको. त्याची तपासणी आधी घरी जाऊन करायची. बाहेरचं ग्लेन बघतो, आतलं मी. आतलं म्हणजे सीटा, दारं, छत. त्यासाठी परीक्षकांकडे जे नमुन्याचं कार्ड असतं, बारा दुर्मीळ रंगांचे बारा चौकोन, त्याला सगळे 'हार्गिसचं कार्ड' म्हणतात. हार्गिस म्हणजे मी. मूळ रेक्झिनचे जुने तुकडे तळघरात पाणी शिरलं तेव्हा कुजून गेले. म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळं कार्ड मी डोळ्यातल्या आठवणीवरून नव्यानं केलं. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

गाडी अर्डेला मेबरी नावाच्या बाईंची. अडुसष्टची जीटीओ, बाहेरून पांढरी, आतून मोरपंखी. कंपनीच्या कागदावर त्या रंगाचं नाव टील, म्हणजे एका छोट्या बदकाचं नाव. माझे वडील नदीवर ती बदकं मारायचे, त्यामुळे हा रंग मी पोरवयापासून ओळखतो. आतून काळ्या गाड्या पायलीच्या पन्नास मिळतात. मोरपंखी मी उभ्या आयुष्यात चार पाहिल्या.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठ ताठ, बोलणं त्याहून ताठ.

"या सीटा कुणी शिवल्या माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यानं."

"कारखान्याला हात नसतात, हार्गिस. मी शिवल्या. शिवणखात्यात तेरा वर्षं काढली मी. हा रंग महिन्यातून एखाद-दोनदाच यायचा, आणि आला की खात्यातल्या सगळ्याजणी माझ्या मशीनकडे ढकलायच्या, कारण मला तो आवडायचा. मग मी याच रंगाची गाडी मागवली, आणि माझ्या मागणीचा कागद खात्यात आला तसा मीच उचलला. गादीच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं नाव घातलंय माझं."

ग्लेन तर विरघळलाच. मी सीटवर वाकलो आणि माझं मन खट्टू झालं. रंग हिरवट होता. मळकट, साचलेल्या पाण्यासारखा. कार्ड शेजारी धरलं. कार्ड कुठे, सीट कुठे.

"बाई, हे पुन्हा रंगवलेलं आहे."

"काय?"

"शिवण तुमचीच असेल. पण वरून कुणीतरी रंग मारलाय, आणि चुकीचा मारलाय."

ग्लेननं हळूच विचारलं, "बोळा फिरवून बघायचा का?" थिनरचा बोळा आडबाजूला घासला की वरून मारलेला रंग कापसाला लागतो. नवशिक्यांनी करायची ती परीक्षा. मी म्हटलं, "माझा डोळा पुरे."

बाई दाराला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "एकावन्न वर्षांत ही गाडी माझ्या हातून कुठे गेली नाही." मग थांबल्या. "तीन वर्षं सोडून. आई आजारी होती तेव्हा मी अलाबामात होते. गाडी भावाकडे होती."

मी कार्ड खिशात घातलं. मला काही आनंद झाला होता की काय.

२ एप्रिल, मंगळवार

मेबरीबाई आज स्वतः दुकानात आल्या. खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत.

त्यांचा भाऊ ल्यूशस एक्याऐंशीचा आहे, इंकस्टरला वृद्धाश्रमात असतो. दर रविवारी चर्च आटोपून बाई त्याच्याकडे जातात, पीच कॉब्लर, म्हणजे पीच घालून भाजलेलं पक्वान्न नेतात, दोघं ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डॉमिनोज खेळतात. नऊ वर्षं हा शिरस्ता. माझ्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "डेला, शपथ घेऊन सांगतो, पुसण्यापलीकडे मी त्या गाडीला हात लावला नाही."

"मग मी सोंगट्या डब्यात भरल्या आणि उठले," बाई म्हणाल्या. "गाडीचं सोडा हो. माझ्या तोंडावर खोटं बोलला. लहानपणापासून तो एकटाच माझ्याशी खरं बोलायचा. परवाच्या रविवारी मी गेले नाही."

मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमची खात्री आहे ना, हार्गिस? पक्की? तुम्ही नुसतं 'वाटतं' म्हणालात, तर मी आत्ता इथून थेट इंकस्टरला जाते."

मला वाटतं म्हणायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं लोक माझ्या डोळ्यावर गाड्या घेतायत आणि विकतायत."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. दिवसभर काम सुचलं नाही. रंगाची भांडी तीनदा धुतली. खरं बोलल्यावर माणसाला असं का व्हावं कळत नाही.

९ एप्रिल

मेव्हिसनं नवा ब्लाउज आणला. "कसा आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "चांगला आहे, पण साय धरल्यासारखा हा पिवळट रंग तुला कशाला हवा?" ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "वेंडल, हा पांढरा आहे." पांढऱ्यात पन्नास छटा असतात हे बायकांना सांगून उपयोग नाही. नंतर माझे मोजे बघून हसली, एक काळा एक निळा. म्हणाली, "डॉक्टरला डोळे दाखव." घरात सुई ओवता येत नाही ती बाई मला डोळे दाखवायला सांगते.

१८ एप्रिल, गुरुवार

आज गंमत झाली. दुकानात फोन आला. म्हातारा आवाज, सावकाश बोलणारा.

"तुम्हीच का ते रंगवाले? ज्यांनी डेलाच्या गाडीचं सांगितलं?"

ल्यूशस! मी सावध झालो. म्हटलं आता शिव्या खाव्या लागणार. पण माणूस अगदी सभ्य.

"तुमच्याशी भांडायला नाही फोन केला. एक विचारायचं होतं. समजा, चौऱ्याऐंशी साली एखाद्यानं त्या सीटा रंगवल्या असतील, तर कशा रंगवल्या असतील? म्हणजे, काय काय करावं लागतं?"

मी मनात म्हटलं, आला की नाही वाटेवर! मला किती कळलंय याचा हा अंदाज घेतोय. मग मीही हातचं राखलं नाही. सगळं नीट सांगितलं: आधी साबणानं धुवायचं, मग थिनरनं पुसायचं, शिवणीत ब्रश फिरवायचा, मग दोन हात पातळ मारायचे, मधे वीस मिनिटं वाळू द्यायचं. तिसरा हात मारला तर भेगा पडतात.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. कागदावर पेन्सिल चालल्यासारखा आवाज येत होता. "आणि माणूस हे का करेल? चांगल्या सीटा असताना?"

"काहीतरी सांडलं असेल. ग्रीस, नाहीतर रंगाचा डबा. डाग लपवायला करतात लोक."

"रंगाचा डबा," तो म्हणाला. "हो, असं होऊ शकतं. आभारी आहे साहेब."

फोन ठेवल्यावर मेव्हिसला सांगितलं, बघ, चोराच्या मनात चांदणं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "चोर पत्ता विचारायला पोलिसाकडे जातो होय?" तिला या गोष्टीतलं काही कळत नाही.

६ मे, सोमवार

ल्यूशसनं कबूल केलं!

बाई सकाळीच गाडी घेऊन दुकानात हजर. पंधरा दिवस त्या त्याचा फोन उचलत नव्हत्या. शुक्रवारी उचलला. तो म्हणाला, "डेला, मीच केलं. कर्नल स्ट्रीटच्या गॅरेजमध्ये माझ्या हातून रंगाचा डबा सांडला. तुला कळू नये म्हणून मी साबणानं धुतलं, थिनरनं पुसलं आणि दोन हात मारले. मधे वीस मिनिटं थांबलो होतो." काल रविवारी त्या गेल्या त्याच्याकडे. कॉब्लर नेलं होतं, पण डॉमिनोज खेळल्या नाहीत.

"माफ केलंत?" मी विचारलं.

"एक्याऐंशीचा आहे. किती दिवस रुसणार? पण पूर्वीचं ते राहिलं नाही आता. त्याच्याकडे बघितलं की वाटतं, अजून काय काय लपवलं असेल यानं."

आणि म्हणाल्या, "'हात न लावलेल्या'त आता ती बसत नाही, तर निदान खऱ्या रंगात आणा. मरायच्या आधी मला ती अडुसष्ट साली होती तशी बघायचीय."

मी लगेच हो म्हटलं. मनात जे कुसळ होतं ते निघालं. इतकी बारीक माहिती, वीस मिनिटांपर्यंत! केल्याशिवाय कुणाला कशी असेल?

एक क्षण असं वाटून गेलं की हे वीस मिनिटांचं तर मीच... पण नाही. सगळेच वीस मिनिटं थांबतात.

१६ मे, गुरुवार

मेबरीबाईंच्या सीटा उघडल्या. गादीच्या आत पेन्सिलनं खरंच नाव आहे: अर्डेला, आणि खाली एक छोटं फूल. टाके इतके सरळ की मशीनला लाज वाटावी.

दोन गोष्टी लिहून ठेवतो, कारण डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे, साफ करताना थिनरचा कापूस कोराच राहिला. ल्यूशसचा रंग भलताच घट्ट बसलाय. दुसरी म्हणजे, रेक्झिन जिथे आत दुमडून तागाच्या कापडाला शिवलंय तिथेही तोच हिरवट रंग आहे. अगदी टोकापर्यंत. तिथे फवारा पोचतच नाही. म्हणजे त्यानं सगळी शिवण उसवून, रंगवून, पुन्हा त्याच भोकांतून शिवली असणार. गॅरेजमध्ये! कामाचं कौतुक करायला हवं म्हाताऱ्याच्या.

दुमडीची जास्तीची कड कापून काढली आणि पहिला हात मारला. मोरपंखी आला, खरा, माझ्या डोळ्यातला. बघून बरं वाटलं. तरी संध्याकाळपर्यंत दुकानात नुसता येरझाऱ्या घालत होतो.

२५ मे, शनिवार

गाडी दिली. बाईंनी दार उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"असा होता?"

"असाच होता, बाई."

"मला जरा... मला वाटायचं त्यात जास्त हिरवा होता. नदीकाठच्या पाण्यासारखा."

"तीस-पस्तीस वर्षं तुम्ही चुकीचाच रंग बघत आलात. डोळ्याला तीच सवय होते."

"तुम्हाला माहीत," त्या म्हणाल्या. सीटवरून हात फिरवला, जसा लोक दुसऱ्याच्या कुत्र्यावरून फिरवतात तसा. मग आभार मानून गेल्या. मेळ्यात साध्या वर्गात तरी लावा म्हटलं, तर बघू म्हणाल्या.

लोक रडतात अशा वेळी. टेक्सासचा एक गडी माझ्या गळ्यात पडून रडला होता. या बाई नाही रडल्या.

३ जून, सोमवार

लायसन्सचं नूतनीकरण. खिडकीतल्या पोरीनं यंत्रात डोळा लावायला सांगितला. वाचलं. म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. मग गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही इथपर्यंत गाडी चालवत आलात?" तिच्या यंत्राची काच घाणेरडी होती.

मेव्हिसनं तिथूनच डॉक्टरला फोन लावला. तिच्याकडे नंबर आधीच होता, मार्चपासून.

५ जून

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, पिकून तपकिरी झालेत. पुढच्या बुधवारी डावा काढायचा, महिन्यानं उजवा.

किती वर्षांपासून असेल, विचारलं. म्हणाले, "हळूहळू वाढतो. सात-आठ वर्षं तरी. फार सोसलंत तुम्ही. आधी निळा जातो, कळतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "मला रंग नीट दिसतात. तो माझा धंदा आहे." ते कागदावर लिहीत राहिले.

१३ जून, गुरुवार

सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली. स्वयंपाकघरात आलो. मेव्हिसचा ब्लाउज पांढराशुभ्र आहे. खिडकीबाहेरचं आभाळ मी विसरलोच होतो. डावा डोळा झाकला की सगळं खोलीभर चहा सांडल्यासारखं दिसतं, उजवा झाकला की धुतल्यासारखं. पोरासारखा पाच मिनिटं तेच करत बसलो. मेव्हिस हसत होती.

मग हसू थांबलं माझं. तिला म्हटलं, मला दुकानात ने.

कार्ड काढलं. डाव्या डोळ्यानं बघितलं. मोरपंखीचा चौकोन निळा आहे. सरळसरळ निळा, औषधाच्या बाटलीसारखा. पिरोजीचा चौकोनही निळाच. राखाडी-निळ्याचा तर टोलेडोचा माणूस म्हणाला तसाच, फार निळा. बारापैकी सात चौकोन चुकलेत. कमी दिसणारा निळा मी आठवणीला जुळेपर्यंत ओतत गेलो, आणि डोळा म्हणत गेला, अजून घाल.

कचऱ्याच्या डब्यात सोळा मेची कापलेली कड अजून होती. चार इंच. खिडकीशी नेऊन धरली. तो होता. वडिलांच्या हातातल्या बदकाच्या पंखावरचा तोच, हिरवा आणि निळा दोन्ही, आत खोल काहीतरी काळं. कुणी रंगवला नव्हता. रेक्झिनच्या अंगचा होता. दुमडीच्या टोकापर्यंत होता, कारण तो कारखान्यातूनच तसा आला होता. आणि मी त्यावर दोन हात मारले. मधे वीस मिनिटं थांबून.

मेव्हिसनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." खोटं बोललो.

१७ जून

चार दिवस झाले. जेवण जात नाही. यातून तोडगा काढायचा प्रयत्न केला. नाही निघत. माझा रंग रेक्झिनच्या आत मुरतो, याच्या जाहिराती मीच करायचो. खरवडला तर मूळही जाईल.

प्रामाणिकपणे लिहितो: गप्प राहायचा विचार केला. कुणाला कळणार? सगळ्या मंडळाचा खरा रंग म्हणजे माझं कार्ड. देशभरात माझ्या कार्डावरून लोकांनी गाड्या निळ्या करून घेतल्यात. आता एखादी खरी मोरपंखी आली तर तीच खोटी ठरेल. बाईंना नवा रंग मान्य झालाय. भावाला त्यांनी माफ केलंय. सांगून कुणाचं काय भलं होणार?

आणि मग ल्यूशसचा आवाज कानात येतो. "वीस मिनिटं." पेन्सिलचा आवाज येतो.

त्यानं केलंच नव्हतं. मग कबूल का केलं? मीच घोकून घेतलं त्याच्याकडून, आणि मीच खूश झालो की उत्तर बरोबर आलं. पण त्याला ते हवं कशाला होतं?

१९ जून

मेव्हिसला सगळं सांगितलं. मला वाटलं ती 'मी म्हणत होते' म्हणेल. नाही म्हणाली. "शनिवारी मी नेते तुला," एवढंच.

ग्लेनला फोन करून कार्डं मागे घ्यायला सांगितली. तो म्हणाला, "सगळी? वेंडल, अरे वेड लागलं का? चारशे आहेत." मी म्हटलं, चारशेच्या चारशे. तपासणीत मी चूक केली हेही लिहून घे म्हटलं. "बोळा फिरवायला हवा होता रे," म्हणाला. हो, हवा होता.

२२ जून, शनिवार

सांगितलं. बाईंच्या ओसरीवर, उभ्यानंच. कापलेली कड त्यांच्या हातात दिली. मोतीबिंदूचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं, रंग उतरत नाही हेही सांगितलं. त्या कड उलटसुलट करून बघत होत्या.

"हाच," म्हणाल्या. "पाण्यासारखा. म्हटलं होतं मी."

"म्हणाला होतात."

"माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. तुम्ही माझाच माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडवलात."

मी मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सीटा नव्या रेक्झिननं करून देईन म्हणणार होतो, पण ती भाषा तिथे तोंडातून निघेना. त्या आत जायला वळल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या:

"मग ल्यूशस हो का म्हणाला?"

मी फोनचं सांगितलं. अठरा एप्रिलचं, शब्दन्‌शब्द. साबण, थिनर, रंगाचा डबा. हे सांगणं रंगाहून जड गेलं. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. मी पहिल्यांदा त्यांची पाठ वाकलेली पाहिली.

"उद्या चर्च सुटलं की मी तुमच्या दारात येते," म्हणाल्या. "तुम्ही येताय. तुम्ही त्याच्या तोंडावर सांगायचंय, माझ्यामागे लपायचं नाही."

२३ जून, रविवार

जीटीओतूनच गेलो. मी माझ्याच निळ्यावर बसलो होतो. बाई गाडी झोकात चालवतात. कॉब्लरचं भांडं माझ्या मांडीवर होतं, गरम.

ल्यूशस खिडकीपाशी खुर्चीत होता. लहानखुरा माणूस, शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावलेली. समोर टेबलावर डॉमिनोज मांडलेले, दोघांसाठी. मे महिन्यापासून तो मांडतो आणि बाई खेळत नाहीत, असं तिथली परिचारिका दारातच म्हणाली होती.

मी सांगितलं. जसं सांगायला हवं तसं, आडवळण न घेता. तुम्ही खरं बोलत होतात, मी आंधळा होतो, आणि माझ्यामुळे तुम्ही खोटे ठरलात. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली. नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही त्याला. त्याला कुठे नवीन होतं.

"आवाज फोनवरचाच आहे तुमचा," मला म्हणाला. "छान समजावलं होतंत. माझं पाठांतर कच्चं आहे, म्हणून लिहून घेतलं."

बाई अजून उभ्याच होत्या. "तू काही केलं नव्हतंस."

"नाही."

"आधी शपथ घेतलीस, मग माझ्याशी खोटं बोललास. तेही फोनवर, घोकून. आणि मी तुला माफ केलं! नसलेल्या गोष्टीसाठी तुला माफ केलं, आणि वर तोंड पाडून समोर बसत राहिले." आवाज चढला होता. "का, ल्यूशस?"

तो सोंगट्या उगाच सरळ करत राहिला. म्हणाला, "नाही म्हणत होतो, तर तू येत नव्हतीस."

मला बाहेर जायला हवं होतं, पण भांडं हातात होतं आणि ते कुठे ठेवावं कळेना. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"चार रविवार," म्हणाल्या. "चारच रविवार तर आले नव्हते मी."

"पाच," तो म्हणाला. "ईस्टरचा रविवार धरला नाहीस."